आकडे कोणाच्या बाजूने बोलतात?

माहितीचे साठे अफाट झाले, आता आकडेच बोलतील, असे सांगत ख्रिस अँडरसन यांनी २००८ साली ‘वायर्ड’ मासिकात सिद्धान्ताचा अंत जाहीर केला. गूगलने जाहिरातीचा बाजार निव्वळ गणिताने जिंकला, हा त्यांचा दाखला.

पण २०१६ साली बोस्टनमध्ये काय दिसले? अ‍ॅमेझॉनची त्याच दिवशी माल घरपोच देणारी सेवा भोवतालच्या वस्त्यांना होती. मधली काळ्यांची रॉक्सबरी वगळलेली. आम्ही वर्ण नव्हे, सभासदसंख्या पाहिली, असे कंपनीचे म्हणणे. ते खरेही असेल. पण वर्णानेच वस्त्या तोडल्या असतील, तर नुसता पत्ता मोजला तरी वर्णच मोजला जातो. हे आकडा सांगत नाही. इतिहास जाणणारा माणूस सांगतो. टीका झाली, तेव्हाच रॉक्सबरीला सेवा मिळाली.

गावकुसाबाहेरच्या पत्त्याचा अर्थ आपण जाणतो. अन्वयार्थाचा हक्क आपण सोडता कामा नये.