कलियुगातला काळोख

काळोख हा विषय आम्हां मांजरीकरांना शिकवावा लागत नाही. वीज गेली की तो थेट घरात येतो, तोही फुकट. त्यामुळे पैसे मोजून काळोख घ्यायचा म्हटलं, की आम्ही बँकेतली माणसं आधी तारण बघतो.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा व्हिडिओ गेम काढला. पळवून नेलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली पोरगी, राजस्थानी वळणाचे महाल, आणि मधली गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. तिथे काळोखाला तारण होतं. अंधार भिंतीवरच्या चित्रांना गिळत नव्हता, उठाव देत होता.

२०२५ साली दुसरा भाग जाहीर झाला, ‘राजी: कलियुग’. पहिल्यात कॅमेरा दूर, उंचावर होता. आता तो पात्राच्या पाठीशी आलाय. भीती जवळून वाढते, कबूल. पण जवळून आपली पडझडही परदेशी खेळांतल्या पडझडीसारखीच दिसू लागते, हा धोका. नुसता काळा रंग ओतून कलियुग येत नाही. काय विझलं ते दिसावं लागतं. एक कोनाडा आणि त्यात काजळी धरलेली पणती तेवढी ठेवा राव, बाकीची भीती आम्ही पदरची घालू!