धूमकेतू कोणामुळे टळला?

आज जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेविषयी बोलू. कथा बहुतेकांना ठाऊक असेल. एक हौशी आकाशनिरीक्षक धूमकेतू शोधतो. गणित सांगतं, हा पृथ्वीवर आदळणार. शास्त्रज्ञांची गुप्त परिषद भरते, यान जातं, अणुस्फोटानं धूमकेतू वळवला जातो. इकडे घरी त्याची पत्नी यज्ञ करवते. संकट टळतं. ती म्हणते, यज्ञ फळला!

आम्ही वर्गात तर्कशास्त्र शिकवताना ही कथा सांगायचो. मुलं हसायची, आम्हीही हसायचो. आज वाटतं, आपण जरा घाईनं हसलो.

कारण असं बघा. त्या बाईसमोर पुरावा काय होता? यज्ञ झाला, धूमकेतू टळला. यान गेलं, धूमकेतू टळला. दोन्ही वाक्यांची घडण एकच. मोहिमेची आखणी कथेत थोडक्यात उरकते, त्यामुळे वाचकही विज्ञानावर विश्वासच ठेवतो. फरक त्याला दिसत नाही. कथेतली उणीव आम्हाला इथं वाटते.

तो फरक नंतर प्रत्यक्षात दिसला. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. हाच का निवडला? तर तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारायचा. धक्क्यानं फेरीचा वेळ बदलला, तर तो पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून मोजता येणार होता. आणि आधीच सांगून ठेवलं होतं: किमान ७३ सेकंदांचा बदल झाला तरच यश. बदल झाला सुमारे ३२ मिनिटांचा. म्हणजे काय, तर अपयश कसं दिसेल हे मोहिमेनं आधी सांगितलं होतं. यज्ञ ते सांगत नाही.

दूरच्या लघुग्रहांकडे, गुरूच्या कक्षेतल्या ट्रोजनांकडे, २०२१ साली निघालेलं लुसी यान पाहा. उड्डाणानंतर त्याचा एक सौरपंख पूर्ण उघडून पक्का बसला नाही. ते लगेच जाहीर झालं, उपाय सुरू झाले. विधी चुकला की मात्र दोष बहुधा यजमानाच्या श्रद्धेवर जातो.

आता आपल्या यवतमाळकडे या. पावसानं ओढ दिली की गावात धोंडी निघते. चार दिवसांनी पाऊस येतो. ज्याचं बियाणं कोरड्या मातीत पडलंय, त्या शेतकऱ्याला हसायचा अधिकार आम्हाला कोणी दिला? हसू नये, त्याच्याजवळ बसून विचारावं, बापू, धोंडी काढूनही पाऊस आला नाही, अशी वर्षं किती? आणि हाच प्रश्न त्यानं हवामानाच्या अंदाजालाही बिनधास्त विचारावा, बरं का. तो प्रश्न झेलण्याची ज्याची तयारी, ते विज्ञान.

नारळीकरांनी त्या नवराबायकोंमधली दरी अचूक दाखवली. ती बुजवायचं काम त्यांनी आपल्यावर सोडलं, आणि आम्ही शिकवणारे लोक नुसते हसत राहिलो.