सोळापैकी चौदा आणे

पाचशे प्रतींच्या कवितासंग्रहावर परिसंवाद होतात, पण पिढ्यान्‌पिढ्या खपलेल्या अंकलिपीवर कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून हे काम अस्मादिकांनी अंगावर घेतलं आहे. मी कॉमर्सचा पदवीधर, पेशानं बँकेतला कारकून. साहित्यातलं मला काही कळत नाही. त्यामुळे समीक्षकाची मुख्य पात्रता माझ्यापाशी आहेच.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना आजोबांची अंकलिपी हाती लागली. झुरळांनी तिचं आधीच परीक्षण केलेलं होतं, पण मुख्य भाग शाबूत होता : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ‘औट घटकेचं राज्य’ यातलं औट ते हेच. साडेतीन घटका म्हणजे घड्याळात चौऱ्याऐंशी मिनिटं. आमच्या घरात माझं राज्य साधारण तेवढंच चालतं.

या ग्रंथाचा मोठा गुण असा, की त्यातल्या प्रत्येक अपूर्णांकाला स्वतःचं नाव आहे. दशांशाकडे नुसता एक टिंब असतो, तोही माशी बसल्यासारखा. ‘दीडशहाणा’ म्हटलं की समोरचा चिडतो, ‘१.५ शहाणा’ म्हटलं तर तो तक्ता मागेल. शेराला सव्वाशेर भेटतो, १.२५ शेर भेटल्याचं ऐकलंय कुणी? आणि साडेतीन मुहूर्तांना ३५० टक्के मुहूर्त म्हटलं, तर भटजी दक्षिणाही त्याच हिशेबानं मागतील.

मलपृष्ठाच्या आत आजोबांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं : १ आणा – ६ न. पै., २ आणे – १२, ३ आणे – १९, ४ आणे – २५. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, त्या वेळची ही नोंद. खरं म्हणजे आणा सव्वासहा पैशांचा. पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एकेक आणा चारदा दिला तर चोवीस पैसे आणि चार आणे एकदम दिले तर पंचवीस. तो एक पैसा कुठे गेला, याची चौकशी करायला आजोबा आज नाहीत.

इथवर मी स्तुती केली. आता दोष.

आमच्या शाखेच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात एक पाटी होती : ‘सोनेतारण कर्ज : द. सा. द. शे. ९.००’. बाजारातल्या एक भाजीवाल्या मावशी बचत खात्यावर पैसे भरायला यायच्या. अडीच पाव गवारीचे पैसे त्या तराजू खाली ठेवायच्या आत सांगतात. एकदा म्हटलं, “मावशी, सोनं ठेवून कर्ज घ्या की. सावकाराकडे कशाला जाता?”

“साहेब, त्याचं तीन टक्के, तुमचं नऊ. अडाणी समजता होय मला?”

तीन महिन्याचे होते, नऊ वर्षाचे. मी ‘वार्षिक ३६ टक्के’, ‘दरमहा ०.७५ टक्के’ असं बरंच काही ऐकवलं. त्यांचा चेहरा पाटीसारखाच कोरा. शेवटी म्हणालो, “मावशी, शंभराला तो वर्षाला छत्तीस घेतो, आम्ही नऊ. म्हणजे आमचं व्याज त्याच्या पाव.”

मावशींचा हात थांबला. वीस हजारांवर महिना सहाशे, असे आठ महिने त्यांनी भरले होते. आमच्याकडे दीडशे पडले असते. चार हजार आठशेतले पाऊण, म्हणजे तीन हजार सहाशे रुपये, त्यांनी फुकट घातले होते. हे गणित त्यांनी माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी केलं.

“आधी पावात सांगायचं ना,” एवढंच त्या म्हणाल्या. आठ महिने ती पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि पाटीमागे मी होतो.

पण नुसत्या पावकीनंही त्यांना वाचवलं नसतं. पाव कशाचा आणि किती दिवसांचा, हे अंकलिपी विचारत नाही. टक्केवारीचा उपयोग तिथेच : ती सगळ्यांना एकाच शंभरात आणून बसवते. तीन अष्टमांश मोठे की दोन पंचमांश, यावर मारामारी होईल. साडेसदतीस की चाळीस, यावर होत नाही. पण ‘द. सा.’ विसरलात, तर शंभरातही सावकाराचा माणूस येऊन बसतो.

म्हणून माझी सूचना अशी : पुढच्या आवृत्तीत एक पान वाढवावं. पाव – ०.२५ – २५ टक्के. निम – ०.५० – ५० टक्के. पाऊण – ०.७५ – ७५ टक्के. आणि खाली ठळक अक्षरात : ‘कशाचे? किती दिवसांचे?’

ते पान नाही म्हणून दोन आणे कापतो. बाकी सोळापैकी चौदा आणे, म्हणजे ०.८७५, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. एवढे गुण मला बी.कॉम.ला कधी पडले नाहीत.