शोकोचे वडील कुठे गेले?

जपानमध्ये कॉक्लिअर इम्प्लांटला आरोग्यविमा लागू झाला १९९४मध्ये. पुढच्याच वर्षी किमुरा हारुमी आणि इचिदा यासुहिरो यांनी ‘बधिर संस्कृतीचा जाहीरनामा’ मांडला: बधिर म्हणजे वेगळी भाषा बोलणारे अल्पसंख्य. या ओढाताणीतलं घर मला योशितोकी ओइमा यांच्या ‘कोए नो काताची’ या मांगात दिसतं. पाच महिन्यांत शोकोची आठ श्रवणयंत्रं मोडतात, हरवतात. पण त्याच्या कितीतरी आधी, मुलीला ऐकू येत नाही म्हणून नवऱ्यानं आणि सासरच्यांनी आईलाच दोष देऊन टाकलेलं असतं. नाओको यामादांच्या २०१६च्या चित्रपटानं नेमकं हेच गाळलं. मग आईचा करडेपणा निव्वळ स्वभाव वाटतो. मांगातही एक खटकतंच: शोकोला जिवाभावाची बधिर मैत्रीण नाही. तिची खुणांची भाषा बहुतांशी ऐकू येणाऱ्या मुलाच्या प्रायश्चित्ताच्या कामी येते.