मराठी रेषा, हिंदी फुगा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून आहे आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शनामुळे तेथील बाजारात हिंदी घरच्यासारखी वावरते. साहजिकच तेथील वाचकाला हिंदी कॉमिक्स परभाषेतले वाटण्याचे कारण नाही. सुपरहिरो कॉमिक्सची, म्हणजे अचाट शक्तीच्या किंवा मुखवट्याआडच्या नायकाच्या चित्रकथेची, मराठीतील स्थिती तपासायला असा सीमेवरचा वाचक पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा उपयोगी ठरतो.

सुरुवात वाईट नव्हती. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉक यांचा फँटम मराठीत ‘वेताळ’ म्हणून आला, आणि विक्रम-वेताळाच्या गोष्टींमुळे व गावोगावच्या वेताळाच्या ठाण्यांमुळे नाव आधीच कानावरचे असल्याने कवटीच्या गुहेत राहणारा हा बुरखाधारी उपरा वाटला नाही. १९७६ साली आबिद सुरती यांनी याच मालेला बहादूर हा देशी नायक दिला, १९९० मध्ये माला बंद पडली आणि मराठीतील ती जागा रिकामीच राहिली.

पुढचा इतिहास दिल्लीच्या राज कॉमिक्सचा असला, तरी तो निव्वळ हिंदीचा म्हणता येत नाही. १९८६ चा ‘नागराज’ परशुराम शर्मा यांनी लिहिला, पण त्याला रूप दिले ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी, ज्यांचा हात अमर चित्र कथेतील पौराणिक पात्रांवर बसलेला होता. त्यामुळे हिरव्या कातडीचा, मनगटांतून साप सोडणारा हा नायक उभा राहतो तो एखाद्या पुराणपुरुषाच्या ढबीने. अमेरिकी नायकांची स्नायूंची फुगवट त्याच्यात नाही, आणि अंगभर साप वागवूनही त्याचा चेहरा शांत राहतो, ही मुळीकांची खरी करामत. अनुपम सिन्हा यांच्याकडे नागराज गेल्यावर चौकटींना वेग आला, पानात पात्रांची दाटी झाली आणि तो शांतपणा हरवला. १९९० च्या दशकातील डोगा तर मुंबईचाच. कुत्र्याचा मुखवटा घालणारा, दैवी शक्तीऐवजी अदरक चाचांच्या व्यायामशाळेत कमावलेल्या शरीरावर विसंबणारा. मात्र त्याची मुंबई हिंदी सिनेमातून उचललेली आहे.

अलीकडच्या प्रकाशनांत जुन्या अंकांची पुनर्मुद्रणे आणि संग्राहकांसाठी काढलेल्या महागड्या आवृत्त्या यांचा भरणा आहे. त्या ऑनलाइन मागवाव्या लागतात आणि त्यांचा खरा गिऱ्हाईक दहा वर्षांचा मुलगा नसून त्याचा चाळिशीतला बाप आहे. ज्या कलेला नवा वाचक लागतो तिने जुन्याच्या आठवणींवर गुजराण करावी, हे काही चांगल्या प्रकृतीचे लक्षण नव्हे.

मराठीत सुपरहिरो कॉमिक्स रुजू नये याला भाषेचे कारण मुळीच नाही. कॉमिक्सला दोन गोष्टी लागतात: फुगा, म्हणजे पात्राचे बोलणे सामावणारा गोल, आणि चित्रातच रेखाटलेला आवाज. धाडकन, सपकन, खाडकन, फस्सकन असे ‘कन’ लावून हव्या त्या हालचालीचा आवाज घडवणाऱ्या भाषेला दुसरीकडून उसनवारी करावी लागू नये.

भाषा असूनही मराठी पानावर नायक येत नाही, याचे एक उदाहरण पाहा. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी घडवलेला भारतीय स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर, हा धोतर नेसून मुंबईवर झेपावणारा, भीमकाका आणि मायाकाकीकडे वाढलेला मुलगा आहे. त्याची शक्ती किरणोत्सर्गी कोळ्याऐवजी योग्याकडून येते, हा बदल सोपा आणि काहीसा पर्यटकी वाटतो; उलट निकेश शुक्ला यांनी लिहिलेल्या आणि अभिषेक माळसुनी यांनी चितारलेल्या २०२३ च्या पाच अंकी मालिकेत भारतीयपण मुद्दाम दाखवण्याची घाई कमी आहे. त्याच वर्षी तो ज्या चित्रपटात झळकला, तो भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठीही होती. पाच अंकांची ती मालिका मात्र इंग्रजीत निघाली.