बार्थेल ७०, पण घरी थांबायचं कुणी?

पक्षाघातानंतरच्या दीर्घकालीन काळजीवर रिसर्च करायचं ठरवलंत, की मेथडॉलॉजीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास येतं: ‘रुग्णांच्या काळजीच्या गरजांचं मूल्यमापन बार्थेल इंडेक्सने केलं जाईल.’ वाक्य इतकं रुळलेलं आहे की त्यावर सहसा कुणी हरकत घेत नाही. ती तुम्ही घ्या. बार्थेल इंडेक्स गरज मोजत नाही, परावलंबन मोजतो. हा फरक सुटला तर दोन वर्षं डेटा गोळा करूनही कोणत्या घरी किती मदत लागेल, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

आधी माप नीट बघू. फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी ते १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये प्रसिद्ध केलं. त्यात दहा बाबी आहेत: जेवण, आंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं आणि जिना. पूर्ण गुण १००. रुग्ण किती सुधारतोय हे पाहायला हे माप उत्तम आहे. पण मूळ पेपर उघडून वाचा. १०० गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असं नाही, त्याला स्वयंपाक किंवा घरकाम जमेलच असंही नाही, हे लेखिकांनी तिथेच सांगून ठेवलंय. पुढे आपण सगळ्यांनी पेपर सायटेशनमध्ये घेतला आणि तो इशारा मागेच राहिला.

आता दोन काल्पनिक रुग्ण घ्या. दोघांचाही स्कोअर ७०.

पहिल्या आजी. उजवा हात गेलेला. आंघोळ दुसऱ्याने घालावी लागते (०), वेणीफणीही (०), कपड्यांना मदत लागते (५), जेवताना भाकरी मोडून द्यावी लागते (५), जिना जमत नाही (०). बाकी सगळे गुण पूर्ण. काठी टेकत चालतात, संडासला स्वतः जातात.

दुसरे आजोबा. हातपाय बऱ्यापैकी चालतात, जिनाही चढतात. पण शौचावर ताबा नाही (०), लघवीवर नाही (०), संडासात मदत लागते (५), कपड्यांनाही (५). बाकी पूर्ण.

बेरीज करून बघा, दोन्हीकडे ७० येते. पण आजींची सून सकाळी त्यांचं आवरून कामावर जाऊ शकते. दुपारी जेवायच्या वेळी शेजारीण डोकावली तरी भागतं. आजोबांच्या घरी मात्र कुणीतरी सतत हवं, रात्रीसुद्धा, कारण मदत कधी लागेल ते आधी कळत नाही. म्हणजे स्कोअर एकच, पण एका घरातली नोकरी टिकते आणि दुसऱ्या घरातली सुटते. शिवाय या दहा बाबींत बोलणं, स्मरणशक्ती आणि मन:स्थिती नाही. आपल्याकडच्या जमिनीवरून उठण्या-बसण्याची स्वतंत्र नोंदही नाही.

यावर उपाय जुनाच आहे. बर्नार्ड आयझॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७६ मध्ये वृद्धांच्या गरजा मोजण्यासाठी ‘किती वेळाने मदत लागते’ हा निकष मांडला. दिवसातून एकदा किंवा त्याहून कमी वेळा लागणारी मदत, दिवसातून अनेकदा पण ठरल्या वेळी लागणारी मदत, आणि केव्हाही लागू शकणारी मदत, अशा तीन पायऱ्या. आजी दुसऱ्या पायरीवर येतात, आजोबा तिसऱ्या. काळजीचं नियोजन या पायऱ्यांवरून करता येतं, ७० या आकड्यावरून नाही.

आता भारतातल्या सगळ्यात जास्त सांगितल्या जाणाऱ्या अभ्यासांपैकी एकाकडे येऊ: ‘अटेंड’ ट्रायल, द लॅन्सेट, २०१७. भारतभरातली १४ केंद्रं, १२५० रुग्ण. एका गटाच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं. ते रुग्णालयात सुरू झालं आणि घरी दोन महिन्यांपर्यंत चाललं. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन किती, हे सुधारित रँकिन स्केलने पाहिलं. प्रशिक्षणाच्या गटात ४७ टक्के, नेहमीच्या गटातही ४७ टक्के. फरक नाही.

ट्रायल भक्कम आहे आणि निष्कर्ष मोलाचा आहे. ‘फिजिओथेरपिस्ट कमी आहेत ना, मग घरच्यांनाच शिकवा’ एवढ्यावर भागेल असं आता सहज म्हणता येत नाही. माझी हरकत ट्रायलवर नाही, तो ज्या पद्धतीने वापरला जातो त्यावर आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये तो ‘दीर्घकालीन काळजी’ या मथळ्याखाली टाकण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, नमुना. घरच्यांनी नेमलेली काळजी घेणारी व्यक्ती असेल तरच रुग्णाला ट्रायलमध्ये प्रवेश होता. या प्रश्नासाठी ती अट बरोबरच आहे. पण जिच्यामागे कुणीच नाही अशी विधवा, किंवा ज्याची मुलं परगावी आहेत असा माणूस त्यामुळे बाहेर राहतो. दीर्घकालीन काळजीची सर्वात मोठी अपुरी गरज तर तिथेच असते.

दोन, तुलना. दोन्ही गटांत काळजी घेणारं माणूस होतंच. फरक प्रशिक्षणाचा होता, काळजीचा नव्हता. त्यामुळे ‘घरच्यांच्या काळजीने काही होत नाही’ असा अर्थ काढणं साफ चूक आहे.

तीन, काळ. मुख्य मोजमाप सहा महिन्यांवर आहे. घरातली उसनी ताकद सहा महिने पुरते. रजा, शिल्लक, बहिणीची मदत हे सगळं त्यानंतर आटायला लागतं.

मग सरळ रुग्णांनाच विचारलं तर? ब्रिटनमध्ये २०११ च्या एका पाहणीत, पक्षाघाताला एक ते पाच वर्षं झालेल्या लोकांना तसं विचारलं. ५१ टक्के म्हणाले, अपुरी गरज एकही नाही. बाकीच्यांत मध्यक तीन गरजांचा होता. हेही माप कामाचं आहे, पण जोनाथन ब्रॅडशॉ यांचं १९७२ मधलं वर्गीकरण शेजारी ठेवून वाचा. तज्ज्ञांनी ठरवलेली गरज, स्वतःला जाणवणारी गरज, मागणीतून व्यक्त झालेली गरज आणि इतरांशी तुलना करून दिसणारी गरज, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे तर काळजी घेणारी सून सासूसमोर ‘काही त्रास नाही हो’ असंच सांगणार. आणि स्पीच थेरपी नावाची काही सोय असते हेच माहीत नसेल, तर तिची गरज जाणवणार कशी?

हा नुसता पद्धतीचा काथ्याकूट नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ३८ नुसार, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या व्यक्तीला ‘जास्त आधाराची गरज’ म्हणून अर्ज करता येतो, आणि त्या गरजेचं मूल्यमापन मंडळाने करायचं असतं. म्हणजे टक्केवारी वेगळी आणि आधाराची गरज वेगळी, हे कायद्यानेही मानलंय. मग आपल्या प्रपोजलने ते का मानू नये?

बार्थेल टाकून द्या असं मी म्हणत नाही. ठेवा, पण प्रत्येक बाबीपुढे चार रकाने वाढवा: मदत कोण करतं, कधी लागते, किती वेळ जातो, आणि ते माणूस आठवडाभर नसेल तर काय होईल. रुग्णाला आणि काळजी घेणाऱ्याला वेगवेगळं बसवून विचारा. एकट्या राहणाऱ्यांना नमुन्यातून वगळू नका. निदान एक पाहणी वर्ष उलटल्यावर करा.

मुलाखतीला थोडा वेळ जास्त लागेल, नमुना कदाचित लहान करावा लागेल. गाइडनी कारण विचारलं तर आजी-आजोबांची बेरीज कागदावर करून दाखवा.