पान, भिंत आणि पडदा

दिवाळी अंकाच्या वाचकाला जाहिरातीचे वावडे नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाढलेली ही परंपरा आज बरीचशी जाहिरातीच्या पानांवरच तगून आहे. मग हाच वाचक मोबाइलवर जाहिरात अडवणारा ब्राउझर का शोधतो?

मी वडशात राहतो. झाडीपट्टी रंगभूमीची ही पेठ. दिवाळी ते होळी या हंगामात नाटक मंडळ्यांची कार्यालये येथे गजबजतात आणि भिंती पोस्टरांनी भरतात. नाटक कोणते, मंडळी कोणती, कलावंत कोण, प्रयोग कुठे, हे पोस्टर उघडपणे सांगते. रंग भडक, दावे अतिशयोक्त. पण ते वाचणाऱ्याची नोंद ठेवत नाही आणि वाचण्याचे पैसेही घेत नाही.

मोबाइलच्या पानावर हे दोन्ही घडते. मजकुरासोबत इतर अनेक ठिकाणांहून चित्रे, चलचित्रे आणि पाळत ठेवणारे संकेत येतात. त्यांचा डेटा वाचकाच्या रिचार्जमधून जातो. अडवणारे साधन अशा पत्त्यांची यादी बाळगते आणि मागणी निघण्यापूर्वीच तोडते. म्हणून जाहिरात नुसती झाकली जात नाही, डेटाही वाचतो.

मात्र कात्री कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे. भारतात लोकप्रिय असलेल्या यूसी ब्राउझरमध्ये ही सोय होती. २९ जून २०२० रोजी त्यावर बंदी आली. गुगलच्या क्रोमने ९ जुलै २०१९ पासून जगभर फक्त वारंवार त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या स्थळांवरच्या जाहिराती गाळायला सुरुवात केली. ज्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते, तिनेच त्रासाची व्याख्या राबवावी, हे मला पटत नाही. फायरफॉक्सवर ‘यूब्लॉक ओरिजिन’ बसवता येते. तिथे निवड वाचकाची राहते.

यात छोट्या मराठी संकेतस्थळांचे उत्पन्न बुडते, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचा दोष मी वाचकाला देणार नाही. संपादकाने आपल्या पानावर कोण काय दाखवतो, हे परक्या बाजारावर सोडले, तिथे चूक झाली. दिवाळी अंकात जाहिरात संपादकाच्या नजरेखालून जाते. तशीच गावातल्या दुकानाची जाहिरात थेट घेऊन आपल्याच स्थळावर साधे चित्र म्हणून लावली, तर ती अडवणाऱ्या यादीतूनही बहुधा सुटते आणि वाचकाला खुपत नाही.